महाकाय ताऱ्यांचा अंत आणि गॅमा किरण स्फोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवातीला नावांबद्दल दोन शब्द. अतिनवतारा म्हणजेच सुपरनोव्हा. मराठीत दोन्ही शब्द रुळले आहेत. गॅमा किरण स्फोटासाठी जीआरबी हे लघुनाम सर्रास वापरतात आणि त्यापुढचे सहा आकडे म्हणजे तो टिपला गेला ती तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. जीआरबी ९८०४२५ म्हणजे २५ एप्रिल १९९८ चा स्फोट. एवढं लक्षात ठेवलं की पुढची नावं अवघड वाटणार नाहीत.

अतिनवतारा आणि गॅमा किरण स्फोट ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत का?

नाही. पण नातं रक्ताचं आहे.

अतिनवतारा म्हणजे ताऱ्याचं अख्खं शरीर उधळलं जाणं. त्याचा उजेड सगळ्या दिशांना पसरतो, चढायला दोन-तीन आठवडे घेतो आणि कित्येक महिने रेंगाळतो. गॅमा किरण स्फोट बहुधा काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत आटोपतो आणि त्याची सगळी ऊर्जा अरुंद झोतातून येते. तो झोत आपल्या दिशेनं रोखलेला असेल तरच आपल्याला त्याचा पत्ता लागतो. मोजक्या महाकाय ताऱ्यांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच मरणात घडतात: आधी झोत दिसतो, मागाहून अतिनवतारा. ‘मोजक्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. माझ्या मते या विषयातलं खरं कोडं त्या एका शब्दात आहे, आणि पुढे त्यावर मी जरा जास्त वेळ घेतला आहे.

महाकाय तारा फुटतो म्हणजे नेमकं काय होतं?

आधी तो कोसळतो. फुटणं नंतरचं.

तारा आयुष्यभर स्वतःच्याच वजनाशी झुंजत असतो. गाभ्यातल्या अणुसंमीलनातून निघणारी उष्णता त्याला फुगवून धरते, गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढतं. सूर्याच्या साधारण आठपटींहून जास्त वस्तुमानाच्या ताऱ्यांत ही झुंज शेवटपर्यंत जाते. हायड्रोजन संपला की हेलियम, मग कार्बन, निऑन, ऑक्सिजन आणि शेवटी सिलिकॉन असं एकामागून एक इंधन जळतं. प्रत्येक नवं इंधन आधीच्यापेक्षा कितीतरी लवकर संपतं. सूर्याच्या २५ पट वस्तुमानाचा तारा घेतला तर हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षं पुरतो, हेलियम काही लाख वर्षं, कार्बन सुमारे ६०० वर्षं, निऑन वर्षभर, ऑक्सिजन सहाएक महिने. सिलिकॉनला एक दिवस लागतो. फक्त एक दिवस! हा हिशेब मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हापुन्हा तपासून पाहिला होता.

सिलिकॉन जळून लोखंड तयार होतं आणि तिथे सगळं थांबतं. लोखंडाच्या अणुकेंद्रांचं संमीलन करून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाचा, आकारानं पृथ्वीएवढा लोखंडी गाभा साठला की तो स्वतःचं ओझं पेलू शकत नाही. मग एका सेकंदाच्या आत तो कोसळून काही डझन किलोमीटरचा उरतो. वरचे थर त्याच्यामागून खाली येऊ लागतात.

आत कोसळणारी गोष्ट बाहेर कशी उसळते?

गाभ्यातलं द्रव्य अणुकेंद्राइतकं घट्ट झालं की आणखी दबायला नकार देतं आणि उलट धक्का मारतं. त्यातून निघालेली धक्कालहर बाहेर निघते खरी, पण वरून पडणाऱ्या द्रव्याच्या माऱ्यात वाटेतच अडकते. तिला पुन्हा उभं करण्याचं काम बहुतांशी न्यूट्रिनो करतात. एरवी हे कण पृथ्वीच्या आरपार निघून जातात, त्यांना कशाचा अडसर नसतो. पण इथे त्यांची संख्या इतकी अफाट आणि द्रव्य इतकं दाट असतं की त्यांच्यातले थोडेसे जरी शोषले गेले तरी पुरतं. स्फोटातून निघणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के न्यूट्रिनोच घेऊन जातात. ताऱ्याचे थर भिरकावून देण्याचं काम उरलेल्या एका टक्क्यात होतं आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाश त्या टक्क्याचाही लहानसा अंश असतो.

याचा पुरावा आपल्याकडे आहे. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलन मेघात, सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर, एक निळा महाराक्षसी तारा फुटल्याचं दिसलं. त्याचा प्रकाश पोहोचण्याच्या दोन-तीन तास आधी जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या शोधकयंत्रांनी मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो टिपले होते. दोन डझन हा आकडा लहान वाटेल, पण गाभा कोसळतो हे तोवर कागदावर होतं; त्या दिवशी ते प्रत्यक्ष मोजलं गेलं.

गॅमा किरण स्फोट पहिल्यांदा कुणाला आणि कसे सापडले?

अण्वस्त्रांवर नजर ठेवणाऱ्यांना. १९६३ साली अंशतः अणुचाचणी बंदीचा करार झाला. कुणी लपूनछपून अवकाशात चाचणी करतंय का हे पाहण्यासाठी अमेरिकेनं ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक लखलखाट नोंदवला, पण तो अणुबाँबसारखा नव्हता. पुढे असे आणखी सापडत गेले. वेगवेगळ्या उपग्रहांवर तो किती वाजता पोहोचला यातल्या सूक्ष्म फरकावरून दिशा काढली, तेव्हा स्रोत पृथ्वी किंवा सूर्य नाही हे स्पष्ट झालं. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या रे क्लेबसाडेल, इयन स्ट्राँग आणि रॉय ओल्सन यांनी १९७३ मध्ये १६ स्फोटांची माहिती प्रसिद्ध केली.

ते किती लांब आहेत हे कळायला इतकी वर्षं का लागली?

कारण गॅमा किरणांना आरशानं किंवा भिंगानं एकत्र आणता येत नाही. स्फोट आकाशाच्या साधारण कोणत्या भागातून आला एवढं कळायचं आणि तेवढ्या भागात हजारो तारे, शेकडो दीर्घिका असायच्या. बोट कोणावर ठेवणार?

१९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या ‘बॅट्से’ उपकरणानं नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदवले. ते सगळ्या आकाशात सारखे विखुरलेले होते, आकाशगंगेच्या पट्ट्यात त्यांची गर्दी नव्हती. तरीही वाद मिटला नाही. १९९५ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या जाहीर चर्चेत खगोलशास्त्रज्ञ बोहदान पाचिन्स्की म्हणत होते की हे स्फोट दूरच्या दीर्घिकांतले आहेत, तर डॉन लँब म्हणत होते की आपल्याच आकाशगंगेभोवतीच्या विशाल प्रभामंडळातले आहेत.

निकाल दोन वर्षांत लागला. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘बेप्पोसॅक्स’ या इटली आणि नेदरलँड्सच्या उपग्रहानं स्फोटानंतर काही तासांतच त्या जागी क्ष-किरणांची विझत जाणारी धग पकडली. हिला पश्चदीप्ती म्हणतात. क्ष-किरणांमुळे जागा नेमकी कळली, मग ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीला तिथे साधा प्रकाशही दिसला. त्याच वर्षी ८ मेच्या स्फोटाच्या पश्चदीप्तीचा वर्णपट, म्हणजे रंगांत फोडलेला प्रकाश, हवाईतल्या केक दुर्बिणीनं घेतला आणि त्यातल्या रेषा विश्वाच्या प्रसरणामुळे तांबड्या बाजूला किती सरकल्या (ताम्रसृती) यावरून अंतर निघालं: तो प्रकाश सुमारे ७०० कोटी वर्षं प्रवास करून आला होता. पाचिन्स्कींचं म्हणणं खरं ठरलं.

स्फोटामागे मरणारा तारा आहे हे सिद्ध कसं झालं?

दोन टप्प्यांत, आणि मधली पाच वर्षं संशयाची होती.

जीआरबी ९८०४२५ च्या जागेवर दुर्बिणी वळल्या, तेव्हा तिथे नेहमीच्या पश्चदीप्तीऐवजी एक ताजा अतिनवतारा दिसला: एसएन १९९८बीडब्ल्यू (एसएन म्हणजे सुपरनोव्हा). अंतर फक्त १२-१३ कोटी प्रकाशवर्षं. तो चांगलाच विचित्र होता. त्यातून उधळलेलं द्रव्य प्रकाशाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याच्या वेगानं धावत होतं आणि रेडिओ लहरींत तो असामान्य तेजस्वी होता. पण गॅमा किरण स्फोट मात्र नेहमीपेक्षा हजारो पटींनी दुबळा होता. त्यामुळे अनेकांनी शंका घेतली की ही दोन वेगळ्या घटनांची योगायोगानं पडलेली गाठ असेल. ही शंका घेणारे हट्टी होते असं मी म्हणणार नाही. एका उदाहरणावर एवढा मोठा निष्कर्ष काढायला कुणीही कचरलं असतं.

मग २९ मार्च २००३ उजाडला. ‘हेटे-२’ उपग्रहानं एक दणदणीत, सर्वार्थानं नेहमीसारखा स्फोट पकडला आणि तो होता सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षांवर. या स्फोटांच्या मानानं हे अगदी शेजारी. जगभरच्या दुर्बिणी रोज रात्री त्याचा वर्णपट घेत राहिल्या. पहिले काही दिवस पश्चदीप्तीचा सपाट, कसल्याही खुणा नसलेला वर्णपट दिसत होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर पश्चदीप्ती ओसरू लागली आणि तिच्याखालून रुंद उंचवटे वर येऊ लागले. दिवसागणिक ते ठळक झाले. ते उंचवटे एसएन १९९८बीडब्ल्यूच्या वर्णपटाशी जवळजवळ तंतोतंत जुळत होते. भरती ओसरल्यावर पाण्याखालचा खडक उघडा पडावा, तसा हा अतिनवतारा, एसएन २००३डीएच, उघडा पडला. आता योगायोग म्हणायला जागा उरली नाही. खगोलशास्त्रात मला सर्वांत आवडणारे पुरावे असे आहेत: कुणी चतुराई केली नाही, योग्य जागेकडे रोज पाहत राहिले.

या स्फोटांबरोबरचे अतिनवतारे वेगळे असतात का?

हो. ते जवळजवळ नेहमी ‘आयसी’ प्रकारचे, आणि त्यातही रुंद रेषांचे असतात. आयसी म्हणजे वर्णपटात हायड्रोजनही नाही आणि हेलियमही नाही. ताऱ्याची बाहेरची दोन्ही आवरणं फुटण्यापूर्वीच गेलेली असतात. रेषा रुंद असण्याचं कारण वेग: द्रव्य सेकंदाला २०-३० हजार किलोमीटरनं पसरत असतं. गतिज ऊर्जा सामान्य अतिनवताऱ्याच्या दहापटीच्या आसपास जाते. अशांना ‘हायपरनोव्हा’ही म्हणतात.

प्रकाश मात्र त्या मानानं फार जास्त नसतो. तो येतो किरणोत्सारी निकेल-५६ पासून. त्याचं आधी कोबाल्ट आणि मग लोखंड होतं. म्हणून अतिनवतारा झोतानंतर दोन-तीन आठवड्यांनी कळसाला पोहोचतो.

झोत तयार कसा होतो?

आज सर्वाधिक मान्य असलेली कल्पना स्टॅन वूझली यांनी १९९३ मध्ये मांडली आणि १९९९ मध्ये अँड्र्यू मॅकफेडियन यांच्याबरोबर संगणकावर तपासली. तिला ‘कोलॅप्सार’ म्हणतात.

समजा, वेगानं गरगरणाऱ्या ताऱ्याचा गाभा कोसळून त्याचं कृष्णविवर झालं. वरचं द्रव्य आत पडू पाहतं, पण सगळीकडून सारखं पडू शकत नाही. विषुववृत्ताजवळच्या द्रव्याला फिरण्याचा जोर असल्यामुळे ते सरळ आत न जाता कृष्णविवराभोवती तबकडी करून फिरत राहतं. ध्रुवांजवळच्या द्रव्याला असा जोर नसतो, ते आत पडून जातं आणि अक्षाच्या दिशेनं वाट मोकळी होते. तबकडीतून दर सेकंदाला सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण दहावा भाग गिळला जातो. यात सुटणारी ऊर्जा, बहुधा चुंबकीय क्षेत्रांच्या मदतीनं, त्या मोकळ्या वाटेनं दोन्ही बाजूंना उसळते. एवढ्या लहान जागेतलं, अवघ्या काही डझन सेकंदांचं हे यंत्र अख्खा तारा भेदून जातं.

झोत पृष्ठभागापर्यंत पोहोचायला दहाएक सेकंद घेतो. बाहेर पडल्यावर त्याला अडवणारं काही नसतं आणि त्याचा वेग प्रकाशाच्या ९९.९९ टक्क्यांच्याही वर जातो. गॅमा किरण ताऱ्याच्या बाहेर, बऱ्याच लांब गेल्यावर निघतात. झोतातलेच वेगवान थर पुढच्या मंद थरांवर आदळून ते निघतात, की चुंबकीय क्षेत्ररेषा तुटून पुन्हा जुळताना, यावर अजून वाद आहे. गॅमा किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या लहरी कोणत्या दिशेत डोलतात ते, मोजलं तर या वादात मदत होते. हे मोजमाप अतिशय कठीण असतं, आणि २०१५ मध्ये सोडलेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या उपकरणानं ते अनेक स्फोटांसाठी केलं आहे. पुढे झोत आजूबाजूच्या विरळ वायूवर आदळून मंदावत जातो, तीच पश्चदीप्ती.

मग प्रत्येक महाकाय तारा असा झोत का सोडत नाही?

कारण झोतासाठी ताऱ्याकडून दोन अशा गोष्टी हव्यात ज्यांचं एकमेकींशी पटत नाही.

पहिली गोष्ट: हायड्रोजनचं आवरण गेलेलं हवं. तांबडा महाराक्षसी तारा सूर्याच्या शेकडो पट त्रिज्येचा असतो. प्रकाशालासुद्धा त्याच्या केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर कापायला वीस-तीस मिनिटं लागतील. मधलं यंत्र चालतं काही डझन सेकंद. झोत पृष्ठभागापाशी पोहोचण्याच्या आधीच मागून येणारा पुरवठा थांबतो आणि झोत आतल्या आत गुदमरतो. आवरण गमावलेले वुल्फ-रायेट तारे मात्र सूर्याएवढ्या आकारात मावतात. तिथे काही सेकंदांची धाव पुरते. वर्णपटात हायड्रोजन का नसतो, याचं उत्तर इथे मिळतं: ज्यांच्याकडे तो आहे त्यांचा झोत बाहेर येतच नाही.

दुसरी गोष्ट: गाभा वेगानं फिरता हवा. नाहीतर तबकडी बनत नाही, सगळं सरळ कृष्णविवरात जातं.

आता पेच बघा. एकटा तारा आवरण घालवतो ते पृष्ठभागावरून सुटणाऱ्या वायूच्या जोरदार वाऱ्यानं, आणि तो वारा जाताना फिरण्याचा जोरही घेऊन जातो. आवरण ठेवलं तर झोत गुदमरतो, घालवलं तर गिरकी मंदावते. यातून सुटायच्या दोन वाटा सुचवल्या गेल्या आहेत. एक, जोडीदार तारा आवरण ओढून घेतो किंवा जवळ राहून भरतीच्या ओढीनं ताऱ्याची गिरकी टिकवतो. दोन, तारा जन्मतःच इतका वेगानं फिरतो की त्याच्यातलं द्रव्य सतत घुसळलं जातं. मग हायड्रोजन बाहेर साठून राहतच नाही. तो गाभ्यापर्यंत पोहोचतो आणि जळून जातो. आवरण उडवून टाकण्याची गरजच पडत नाही.

दुसऱ्या वाटेसाठी ताऱ्यात जड मूलद्रव्यं कमी असावी लागतात. ताऱ्यावरचा वारा मुख्यतः लोखंडासारख्या जड अणूंवर पडणाऱ्या प्रकाशाच्या दाबानं वाहतो. ते अणू कमी, तर वारा मंद आणि गिरकी शाबूत. निरीक्षणं याला दुजोरा देतात. लांब, म्हणजे दोन सेकंदांहून जास्त वेळ चालणारे, स्फोट बहुधा लहान, निळसर, जड मूलद्रव्यांनी गरीब अशा दीर्घिकांत सापडतात. त्या दीर्घिकांतही ते सर्वांत उजळ भागात, म्हणजे नवे महाकाय तारे जन्मतात तिथे, एकवटलेले दिसतात. हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून २००६ मध्ये हे दाखवलं गेलं.

इतक्या अटी एकत्र जुळायच्या म्हणजे किती दुर्मीळ! गाभा कोसळून मरणाऱ्या शंभर ताऱ्यांतल्या एकाच्याही वाट्याला हा झोत येत नाही.

असा एक स्फोट किती ऊर्जा सोडतो?

ती सगळ्या दिशांना सारखी जाते असं धरलं तर उत्तर अविश्वसनीय येतं. काही स्फोटांत अख्ख्या सूर्याचं वस्तुमान ऊर्जेत बदललं तरी पुरणार नाही इतकी. पण झोत काही अंशांचाच असतो, त्यामुळे खरी बेरीज शेकडो पटींनी खाली येते. साधारण अंदाज असा: सूर्य आपल्या १,००० कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल, तेवढी काही सेकंदांत. झोत अरुंद असल्याचा पुरावाही आहे. पश्चदीप्ती ठरावीक काळानंतर अचानक वेगानं मावळू लागते. झोत मंदावला, त्याच्या कडा दिसू लागल्या, याची ती खूण.

अर्थात, आपल्याला दिसणाऱ्या प्रत्येक स्फोटामागे शेकडो असे असतात ज्यांचा झोत भलतीकडे रोखलेला असतो.

सगळे गॅमा किरण स्फोट मरणाऱ्या ताऱ्यांचेच असतात का?

नाही. बॅट्सेच्या नोंदींवरून १९९३ मध्ये दिसून आलं की स्फोटांचे दोन गट पडतात, सीमारेषा साधारण दोन सेकंदांची. लांब गट महाकाय ताऱ्यांचा. छोटा गट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे कोसळलेल्या गाभ्यांच्या उरलेल्या घट्ट गोळ्यांच्या, जोड्या एकमेकांवर आदळून होणाऱ्यांचा. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशाच एका टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पोहोचल्यानंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले आणि हे दुसरं नातंही पक्कं झालं.

पण घड्याळावर फार विसंबू नका. ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट ५० सेकंदांच्या आसपास चालला, तरी त्याच्या जागी अतिनवतारा न दिसता न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची खूण असलेला किलोनोव्हा दिसला. ७ मार्च २०२३ च्या अतितेजस्वी स्फोटाची गतही तीच. उलट २६ ऑगस्ट २०२० चा स्फोट जेमतेम सेकंदभराचा होता आणि मागे मात्र अतिनवतारा होता. त्याचा झोत बहुधा कसाबसा ताऱ्याबाहेर पडला असावा. म्हणून ‘लांब’ आणि ‘छोटा’ यापेक्षा मागे काय सापडलं हे विचारणं मला जास्त योग्य वाटतं.

मधोमध कृष्णविवरच हवं का?

हवंच असं नाही. सेकंदाला शेकडो गिरक्या घेणारा, प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मॅग्नेटार, हेही काम करू शकतो. ९ डिसेंबर २०११ चा स्फोट काही तास चालला आणि त्यामागचा अतिनवतारा नेहमीपेक्षा बराच तेजस्वी निघाला. त्यासाठी मॅग्नेटारचं स्पष्टीकरण जास्त जुळतं.

आजवरचा सर्वांत तेजस्वी स्फोट कोणता?

जीआरबी २२१००९ए. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी शर तारकासमूहाच्या दिशेनं, सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेल्या या स्फोटानं कित्येक उपग्रहांवरची उपकरणं काही काळ दिपून गेली. पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थरही ढवळला गेला. इतका तेजस्वी स्फोट १०,००० वर्षांतून एखादाच दिसावा असा अंदाज आहे. चीनमधल्या ‘लासो’ वेधशाळेनं त्यातून आलेले १० टेराइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षाही जास्त ऊर्जेचे फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, टिपले. त्याचा झोत असाधारण अरुंद होता आणि नेमका आपल्याकडे रोखलेला.

अशा झोतामागचा अतिनवताराही जबरदस्त असेल अशी अपेक्षा होती. सुमारे सहा महिन्यांनी वेब दुर्बिणीनं पाहिलं तेव्हा तो अगदी सर्वसाधारण निघाला. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तिथे तयार झाल्याच्या खुणाही सापडल्या नाहीत. मला हा निकाल फार बोलका वाटतो. झोताची ताकद आणि ताऱ्याच्या स्फोटाची ताकद यांचा थेट हिशेब जुळत नाही, मधल्या यंत्राचे नियम वेगळे आहेत.

असा स्फोट नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो का?

एकदा दिसण्याजोगा होता. १९ मार्च २००८ रोजी भूतप तारकासमूहात, सुमारे ७५० कोटी प्रकाशवर्षांवरच्या स्फोटाची दीप्ती अर्ध्या-एक मिनिटासाठी काळोख्या आकाशात डोळ्यांना जाणवेल एवढी झाली होती.

आर्द्रा नक्षत्रातला काक्षी फुटला तर गॅमा किरणांचा झोत येईल का?

नाही. काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, तांबडा महाराक्षसी तारा आहे. हायड्रोजनचं भलंमोठं आवरण त्याच्याभोवती शाबूत आहे, त्यामुळे वर सांगितलेली पहिलीच अट तो पुरी करत नाही. तो फुटेल तेव्हा अर्ध्या चंद्राइतका उजळ दिसेल, दिवसाही दिसेल. ५०० ते ७०० प्रकाशवर्षांवरून त्याचा आपल्याला धोका नाही. २०१९ च्या अखेरीस तो एकाएकी मंदावला तेव्हा ‘आता फुटणार’ अशा बातम्या पसरल्या होत्या. त्यानंच उधळलेल्या वायूपासून बनलेली धूळ आड आली होती.

पृथ्वीला कधी धोका झाला आहे का, किंवा होऊ शकतो का?

काही हजार प्रकाशवर्षांच्या आत, झोत थेट आपल्याकडे रोखलेला असा स्फोट झाला तर गॅमा किरण हवेतले नायट्रोजनचे रेणू फोडतील. त्यातून बनणारी नायट्रोजनची ऑक्साइडं ओझोनचा थर बऱ्याच प्रमाणात खातील आणि सूर्याची अतिनील किरणं जमिनीपर्यंत येतील. सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वी, ऑर्डोव्हिशियन कालखंडाच्या शेवटी झालेल्या सामूहिक विनाशामागे हेच असावं, असं एड्रियन मेलॉट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सुचवलं. कल्पना तपासण्याजोगी आहे, पण खडकांत तिचा थेट पुरावा नाही.

सामान्य अतिनवताऱ्यांच्या बाबतीत मात्र पुरावा आहे. समुद्रतळाच्या थरांत लोह-६० सापडलं आहे. हे किरणोत्सारी लोखंड २६ लाख वर्षांत निम्मं होतं, म्हणजे पृथ्वीच्या जन्मापासूनचं असतं तर केव्हाच संपलं असतं. ते गेल्या काही दशलक्ष वर्षांत जवळपास फुटलेल्या ताऱ्यांतून आलं आहे.

धनु राशीतल्या डब्ल्यूआर १०४ या वुल्फ-रायेट ताऱ्याची भीती अधूनमधून डोकं वर काढते. त्याच्या धुळीची सुंदर चक्राकार शेपटी आपल्याला समोरून दिसते, म्हणून त्याचा अक्ष आपल्याकडे रोखलेला असावा असं वाटत होतं. नंतरच्या मोजमापांत त्या जोडीची कक्षा ३०-४० अंशांनी कललेली आढळली. शिवाय आपल्या आकाशगंगेत जड मूलद्रव्यं भरपूर आहेत, आणि ती या झोतांना पोषक नाहीत. या विषयावरून रात्रीची झोप उडवून घेऊ नका, हे मी मनापासून सांगतो.

हे स्फोट किती वेळा होतात?

उपग्रहांना रोज सरासरी एकाच्या आसपास दिसतात.

एवढ्या दूरच्या स्फोटांतून काय शिकायला मिळतं?

विश्वाचं बालपण. जीआरबी ०९०४२३ चा प्रकाश सुमारे १,३०० कोटी वर्षं प्रवास करून आला. १४ मार्च २०२५ रोजी फ्रान्स आणि चीनच्या ‘स्वॉम’ उपग्रहानं विश्व सुमारे ७३ कोटी वर्षांचं असतानाचा स्फोट पकडला. त्या काळातला अतिनवतारा दिसायला विश्वाच्या प्रसरणामुळे कैक पटींनी उशीर होतो, म्हणून वेब दुर्बीण साडेतीन महिने थांबून त्या जागेकडे वळवली गेली. तिथे अतिनवताऱ्याचा उजेड मिळाला आणि तो आजच्या काळातल्या भाईबंदांसारखाच होता. एकेकट्या ताऱ्याचं मरण इतक्या लांबून पाहता यावं, हे काही वर्षांपूर्वी मी मानलं नसतं.

तारा फुटायला सुरुवात होताना कुणी पाहिलं आहे का?

९ जानेवारी २००८ रोजी ‘स्विफ्ट’ उपग्रह एनजीसी २७७० या दीर्घिकेतला एक आधीच सापडलेला अतिनवतारा पाहत होता. त्याच चौकटीत शेजारी काही मिनिटांचा क्ष-किरणांचा लखलखाट झाला. धक्कालहर दुसऱ्या एका ताऱ्याच्या पृष्ठभागातून बाहेर फुटली तो नेमका क्षण अ‍ॅलिशिया सोडरबर्ग यांच्या चमूला मिळाला होता.

आपल्या आकाशगंगेत पुढचा तारा फुटेल तेव्हा याच्याही आधीचं कळेल. आधी न्यूट्रिनो येतील, आणि जगभरची न्यूट्रिनो शोधकयंत्रं एकमेकांना जोडून ठेवली आहेत ती यासाठीच. लहान ताऱ्याच्या बाबतीत काही मिनिटांनी, तांबड्या महाराक्षसाच्या बाबतीत कित्येक तासांनी धक्कालहर पृष्ठभागावर येईल, मग प्रकाश चढू लागेल. तेवढ्या वेळात दुर्बिणी वळवायच्या. आकाशगंगेतला याआधीचा अतिनवतारा लोकांनी डोळ्यांनी पाहिला तो १६०४ मध्ये, तेव्हा दुर्बीण आकाशाकडे वळलेलीच नव्हती.